गेस्टला विचारायचं नसतं

कपावर बशी पालथी झाकून तो चहा आणायचा, टेबलावर ठेवायचा, बशी उचलायचा आणि म्हणायचा, "घ्या, गेस्ट." साहेब असो वा शिपाई, सगळ्यांना हेच. सरकारी विश्रामगृहाचा तो खानसामा; आम्ही त्याला मामा म्हणत असू.

तालुक्याला माझ्या एखाद्या अर्जाची सुनावणी असली की मी तिथे थांबत असे. एकदा विचारले, "मामा, पाहुणे का म्हणत नाही?"

"पाहुणं म्हटलं की पुढचं आपसूक येतं, आप्पा. कुठलं, कुणापैकी. गेस्टला तसलं इचारायचं नसतं. आन् गेस्टचं बाहीर सांगायचंबी नसतं."

'कुणापैकी' या प्रश्नात काय दडलेले असते, हे वाचकांना सांगायला नको. मी बौद्ध वस्तीतला. हा प्रश्न मला जिथे कधीच विचारला गेला नाही, अशी ती एकच जागा. 'गेस्ट'चा इतका नेमका अर्थ मला कोणत्याही शब्दकोशात सापडला नाही.

एका दुपारी वाळूवाल्यांची माणसे मला शोधत आली. मी आत अर्ज लिहीत होतो. मामा दारात आडवा उभा राहिला. "गेस्ट हायत आत. कोण, ते सांगत न्हाई. तुमी उतरला असता तर तुमचंबी सांगितलं नसतं." ती गेल्यावर आत येऊन म्हणाला, "आप्पा, अक्षर जरा बारीक काढा. कागद संपत आलाय."

तो अर्ज भीमेतील वाळूउपशाविरुद्ध होता. काठावरची आमच्या वस्तीची स्मशानभूमी ढासळत होती. नदीच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्हीकडच्या कचेऱ्या माझी पत्रे एकमेकींकडे ढकलत. अखेर चौकशी लागली. त्याआधी एके दिवशी, उपसा ज्याने थांबवायचा, तोच अधिकारी वाळूच्या ठेकेदारासह विश्रामगृहात बसला होता. मी शेजारच्या खोलीतून आवाज ओळखले होते. तोंडे पाहिली होती ती चहा देणाऱ्या मामाने. माझा साक्षीदार तो एकटा.

"त्या दिवशी कोण होते?" चौकशी अधिकाऱ्याने विचारले.

"गेस्ट व्हते."

"नावं?"

"च्या दिला, साहेब. नावं सांगायची माझी रीत न्हाई."

त्याने माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. अर्ज पुराव्याअभावी निकाली निघाला.

बाहेर मी त्याला गाठले. "मामा, त्या चोरांना आणि मला एकच शब्द?"

"माझ्याकडं एकच हाय, आप्पा. तुमच्यासाठी वापरला तवा बरा व्हता."

दोन पावसाळ्यांत स्मशानभूमी नदीत गेली. मी त्याला रजिस्टर पोस्टाने चार पानी पत्र लिहिले: आपण सत्य दडवले आहे, आणि मृतांचाही विश्वासघात केला आहे. पोच आली, उत्तर आले नाही. त्या पत्रातील एक शब्दही मी आजवर मागे घेतलेला नाही.

पुढे तो निवृत्त झाला, आणि वर्षभरात वारला.

त्यानंतर एका सुनावणीसाठी मी तिथे गेलो. नवा खानसामा हसतमुख होता. "या पाहुणं. कुठलं? कुणापैकी म्हणायचं?"

मी गाव सांगितले. वस्तीही सांगितली.

शेजारच्या टेबलावर बश्या झाकलेले कप आले. माझा चहा काचेच्या ग्लासात आला.