घडीखात्याचे शेवटचे मानकरी

आमच्या चुलत सासऱ्यांइतका वाकडा माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नाही, आणि हे मी सोयरीक सांभाळून म्हणतो. तरुणपणी ते एका सर्कशीत अंगाची घडी घालत. पाय मानेमागून पुढे घ्यायचे, हनुवटी टाचेवर टेकवायची आणि तसंच एका लाकडी पेटीत मावायचं. सर्कस बुडाली, ते पलूसला भावाच्या उसाला पाणी पाजायला परतले. पण खोड काही गेली नाही. लग्नात मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर पाय जागेवर नव्हते. ते त्यांच्या खांद्यावर होते. माझ्या आत्याला तिथंच भोवळ आली.

गाव त्यांना ‘गाठोडं’ म्हणे. ते त्यांच्या फार जिव्हारी लागे, म्हणून त्यांनी स्वतःपुरता वेगळा इतिहास रचला होता. दर उन्हाळ्यात साताऱ्याहून सासुरवाडीला गेलो की तो मला पहिल्यापासून ऐकावा लागे. “पाव्हणं, इंग्रज आलाच न्हाई असं धरा,” अशी सुरुवात. मग साताऱ्याच्या गादीला घडीखातं असायचं. वकील परक्या दरबारात किती वाकतो यावर तह ठरायचे. कराडच्या कॉलेजात पूल बांधायला नव्हे, पोरांना पुलासारखं वाकायला शिकवायचे. फलटणला परीक्षा, आणि पास होणाऱ्याला पालखी. “आग्र्यासनं पेटाऱ्यातनं सुटल्यालं राज्य हाय हे. पेटाऱ्यात बसणाऱ्याला मान नगं व्हय?”

“पालखीत बसून जायचं कुठं, मामा?” मी एकदा विचारलं.

“गावातनं. येकदाच. निस्तं बघू द्या लोकांस्नी.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

एका साली दुष्काळ पडला, तो सरला आणि त्यांचं अंग आखडायला लागलं. आधी मान, मग कंबर, मग गुडघे. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता हे सरळ व्हायचे नाहीत. हनुवटी गुडघ्याला लावून ते बाजेवर बसून राहिले, आणि चुलत सासूबाई जमिनीवर बसून खालून वर घास भरवू लागल्या. “खेळ म्या बंद केलाय,” ते म्हणत, “पर अंग ऐकंना.” मला ते बघवत नसे.

गेले तेही बसूनच. तिरडी बांधून झाली, पण त्यांना निजवता येईना. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, “गुडघं दाबा रं. मोडलं तर मोडलं.”

पुरुषांसमोर कधी तोंड न उघडलेल्या चुलत सासूबाई दारातून म्हणाल्या, “त्यास्नी कुनी मोडायचं न्हाई.”

शेजारच्या लिंगायत घरातले अण्णा पुढे आले. “आमच्यात बसवूनच नेत्यात. बसवून न्यायचं विमान करून देतो.” बांबू आले, केळीचे खुंट आले, झेंडू आला. मामांना मध्ये बसवलं आणि आम्ही खांदा दिला.

बाजारचा दिवस होता. परगावच्या लोकांना वाटलं, कुणी मोठे स्वामी गेले. भाजीवाल्या बायांनी पोरांना पुढे करून हात जोडायला लावले, थांबलेल्या एसटीतल्या माणसांनी खिडकीतून फुलं टाकली. गाठोडं म्हणणारे आमच्या पुढेच चालत होते. खरं काय ते कुणालाही सांगितलं नाही त्यांनी.

मामांची पालखी निघाली ती अशी. हनुवटी गुडघ्यावर होती, मान खाली होती. डोळे उघडे असते तरी त्यांना गर्दी दिसली नसती. मला अजून वाईट वाटतं ते तेवढ्याचंच.