वयल्या घराचा वाटा

सावंतवाडीच्या स्टँडवर पेडण्याची बस लागलेलीच होती. मी पिशव्या सावरत धावतेय याची फिकीर न करता आई पुढच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. ठेवणीतलं लुगडं, आणि मांडीवर घडी घातलेली एक रिकामी कापडी पिशवी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"वाटो हाडूक (आणायला) पिशी नको?" ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

या वाट्याची हकिकत सांगायला हवी. मी तेव्हा कोल्हापुरात इतिहास शिकवत असे. जिथे गावंच्या गावं कापली गेली, तिथे मागे राहिलेली माणसं मेलेल्यांची आठवण कशी जपतात, हा माझा विषय. दगड, भिंती, नावं कोरलेले फलक यांची चित्रं दाखवून मी तास घ्यायची. एकदा डिचोलीकडचे एक सहकारी चहा पिताना म्हणाले, "आमच्या वाड्यावर (वस्तीवर) दगडबिगड काही नाही. शिगम्याला मांडावर (गावाच्या पवित्र मोकळ्या जागेवर) प्रत्येक घराला हाक मारून नारळाचा वाटा देतात. शेवटी वयल्या घराला, म्हणजे वरच्या घराला, तीन हाका मारतात. पाखल्यांविरुद्धच्या (पोर्तुगिजांविरुद्धच्या) जुन्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या शिपायांनी ते घर माणसांसकट जाळलं. कोणी येत नाही. नारळ तसाच ठेवतात."

मी हे सुट्टीत सावंतवाडीला घरी सांगितलं तेव्हा आई नारळ खवत होती. तिचा हात थांबला.

"माजी आजी वयल्या घरातली," ती म्हणाली.

आईची ही आजी तेव्हा लहान मुलगी होती, शेजारणीकडे खेळायला गेलेली. शेजारणीने तिला गवताच्या भाऱ्यात लपवून डोंगरापलीकडे आणलं. आजी फक्त वयलें घर म्हणायची. ते कुठल्या गावात, हे तिलाही धड सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून आईने एकच ध्यास घेतला: यंदाच्या हाकेला ओ द्यायची. सहकारी म्हणाले, "या, पण जपून. लोकांना वाटेल जमीन मागायला आलात." मला तर गावकऱ्यांनी आईला हाकलून दिलं तर काय, याच विचाराने झोप नव्हती.

पत्रादेवीला बस थांबली. पोर्तुगीज असताना इथे हद्दीवर कागद दाखवावे लागत. आता कंडक्टरने नुसती जांभई दिली. पेडण्याला पोदेर (पाववाला) सायकलला टोपली बांधून उभा होता. गरम पाव आणि पातळ भाजी खाऊन आम्ही डिचोलीची गाडी धरली. पेडण्याची हिरवी भाटं (बागा), काजूच्या मोहराचा वास आणि मध्येच चकाकणारं नदीचं पाणी. अशी सकाळ पुन्हा मिळाली तर मी काय वाटेल ते देईन. अस्नोड्याच्या पुढे मात्र रस्ताच तांबडा झाला. खनिजाचे ट्रक एकामागे एक. कंडक्टर ओरडला, "जनेल धांपात गो, धुल्ल येता!"

आई दचकली. मग खुदकन हसली. "आजी खिडकीक जनेल म्हणायची. आमी पोरां तिका चिडवायचो." हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. खिडकी मीच लावली.

शिरगावच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत बस अडकली ती अडकलीच. आई उठून उभी राहिली. "हाक मारून झाली तर?" असं तिने इतक्यांदा विचारलं की मी वैतागले, आणि शेवटी आम्ही उतरून चालू लागलो. एक रिकामा ट्रक वळत होता. ड्रायव्हर दोडामार्गचा निघाला.

"मावशे, खंय चललंस गो उन्हातान्हात?"

"हाकेक ओ देवक."

त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने आईचा हात धरून तिला वर घेतलं आणि खाणीच्या आडरस्त्याने आम्हाला थेट वाड्याच्या वेशीशी सोडलं. आईचं लुगडं आता गेरूत बुडवल्यासारखं दिसत होतं.

मांडावर गाव जमला होता. वरच्या अंगाला जिथे ते घर असावं, तिथला डोंगर खाणीने अर्धा कापून नेला होता. फलक लावायचा तरी कुठे, असं मला वाटून गेलं. हाका मारणारे पुरसोबाब ऐंशीच्या घरातले, काटकुळे. घरं संपत आली. त्यांनी शेवटचं नारळाचं कडं (अर्धी वाटी) उचललं आणि कापल्या डोंगराकडे तोंड केलं. माणसांनी टोप्या काढल्या.

"वयल्या घरच्यांनो, तुमचो वांटो व्हरात रे!"

वाटा घेऊन जा, अशी ती पहिली हाक. मी आईकडे पाहिलं. ती पिशवीची घडी उलगडत होती. दुसरी हाक झाली. मी तिचा हात दाबला. तिसरी हाक डोंगराकडे गेली.

"ओ!" आई ओरडली.

सगळा मांड वळून बघू लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "जमीन मागूंक आयल्यांत काय कितें?"

"माका जमीन नको," आई म्हणाली. "वयल्या घरातला एक चेडू वाचलला. मी तेची नात. हाक आयकान गप कशी ऱ्हवू?"

पुरसोबाब नारळ धरून तसेच उभे. मग ते म्हणाले, "बापायन म्हाका तीन खेपे उलो (हाक) मारूंक शिकयलें. ओ आयल्यार फुडें कितें करप, तें कोणेंच शिकोवंक ना." आणि ते मटकन खाली बसून लहान मुलासारखे रडू लागले. मागच्या माणसानेच त्यांना पाणी आणून दिलं.

आई त्यांच्यापाशी जाऊन बसली. त्यांनी ते कडं तिच्या ओंजळीत ठेवलं. "आतां उलो बंद करूंक जाय," ते डोळे पुसत म्हणाले.

"तसा करू नकात," आई म्हणाली. "मी एकटीच इलंय. बाकीची खंय इली हत?"

परतीच्या बसमध्ये आई पिशवी पोटाशी धरून झोपली. दुसऱ्या दिवशी तिने तो नारळ खवला, कढी केली आणि सगळ्या आळीला वाढली. मला वाटलं होतं ती तो देव्हाऱ्यात ठेवील. पण वाटा हा खायचा असतो, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवसानंतर वर्गात फलकांची चित्रं दाखवताना मी त्या मांडाबद्दलही सांगू लागले.

आई आता नाही. पुरसोबाबही गेले, त्यांचा मुलगा हाका मारतो. शिगम्याला मी रिकामी पिशवी घेऊन जाते आणि गर्दीत उभी राहते. वयल्या घराला तीन हाका पूर्वीसारख्याच जातात, पूर्वीसारखंच कोणी येत नाही आणि माणसं टोप्या काढून उभी असतात. मग तो चौथी हाक मारतो, आईच्या वर्षापासून सुरू झालेली, वाचलेल्या त्या मुलीच्या घरच्यांसाठी. त्या हाकेला मी ओ देते.