चाकावरची रेघ

गाडी शेडसमोर उभी केली की मिस्त्री आधी तुमच्याकडं बघायचेच नाहीत. पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे, जमिनीपासून वर वितीनं माप घ्यायचे आणि खिशातला खडू काढून ड्रायव्हरच्या दारावर एक आडवी रेघ ओढायचे. मग गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणायचे, "ह्या रेघंपातूर पाणी आलं की थांबायचं. मागनं कुणी बी हॉर्न वाजवू दे." तुम्ही ब्रेक दाखवायला आलेले असा नाहीतर काच बदलायला, रेघ ठरलेली.

इंजिन ज्या तोंडानं हवा आत ओढतं त्याला मिस्त्री गाडीचं नाक म्हणत. कंपनीनं हे नाक वर, हेडलाइटच्या मागं ठेवलेलं असतं. त्याच्या एक वीत खाली मिस्त्रींची रेघ. आमच्या सांगलीत घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आहेत, त्या पूर येऊन गेल्यावरच्या. मिस्त्रींची खूण पूर यायच्या आधीची, एवढाच फरक. कुपवाडातल्या नव्या गाडीवाल्यांना ती मुळीच खपत नसे. पुढच्या वळणावर गाडी थांबवून रुमालानं पुसून टाकत. खोटं कशाला सांगू, मीही पुसलेली आहे.

फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात निम्मं आयुष्य घालवून आलेला माणूस. "ऑर्डर मंजे ऑर्डर" हे त्यांचं शेवटचं वाक्य, त्यापुढं वाद नाही. पण शेडसमोर घोटाभर पाणी साठलं की हेच मिस्त्री स्कूटरवरून उतरत आणि ती हातानं ढकलत नेत. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवरून ओरडायचो, "मिस्त्री, एखादी होडी घ्या की!"

"होडीला नाक नसतंय रं. तिचं बरं हाय," असं म्हणून हसायचे.

माझी गाडी जुनी, पेट्रोलची, पण माझी हौस नवी. कोल्हापूरला जाऊन मी तिला हवा ओढायचा बाहेरचा पाईप बसवून घेतला. पुढच्या बंपरमागं, चाकाजवळ बसणारा, चकचकीत. थंड हवा मिळते, ताकद वाढते, असं बसवणारा म्हणाला. ताकदीचं मला कळलं नाही, आवाज मात्र असा झाला की कारखान्याच्या गेटवर लोक वळून बघायला लागले. मी लगेच मिस्त्रींकडं नेली. कौतुक करून घ्यायला, दुसरं काय!

त्यांनी बॉनेट उघडलं. खाली बसले, वीत लावली, खडू काढला आणि थांबले. रेघ दारावर येतच नव्हती, इतकी खाली गेली होती. शेवटी त्यांनी ती टायरवर ओढली.

"नाक पायात आणून ठिवलंस गड्या."

"आवं मिस्त्री, मी काय नदीत घालणार हाय व्हय गाडी?"

ते आत गेले आणि गुरांच्या डॉक्टरकडून आणलेली एक मोठी पिचकारी घेऊन आले. सुई नसलेली. तिचं तोंड अंगठ्यानं बंद करून दट्ट्या दाबला, तो आत गेला. "ही हवा. दबती." मग पाणी भरून माझ्या हातात दिली. "आता दाब." दट्ट्या तसूभर हलला नाही. "पाणी दबत न्हाई. इंजिनात शिरलं की आतला दांडा वाकतुया. कंपनीचा हवेचा जुना डबा आण, आत्ता बदलून देतो."

जुना डबा घरी माळ्यावर पडून होता. मी म्हणालो, "टाकून दिला." मिस्त्रींनी बॉनेट खाली आपटलं. "मग ही गाडी माझ्या शेडात आणू नगं. ऑर्डर मंजे ऑर्डर." मीही तडकलो. बोलू नये ते बोललो, पाण्याला भिणारा फौजी म्हणालो. महिनाभर त्यांच्या शेडवरून मान फिरवून जात होतो.

आमचं गाव कुपवाडच्या पलीकडं, मध्ये ओढा आणि त्यावर बुटका फरशी पूल. माझ्या आईचं आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस. त्या आठवड्यात पावसानं वाट अडवली आणि एक खेप चुकली. दुसऱ्या दिवशी आईचे पाय सुजले, दुपारपर्यंत तिला आडवं पडवेना, दम लागायला लागला. डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच्या आज आणा.

आईला मागं बसवून निघालो. फरशीवरून गढूळ पाणी वाहत होतं, पण एक टेम्पो माझ्यासमोर पार झाला. मी अंदाज केला, अर्ध्या चाकालाही लागणार नाही. टायरवरची रेघ कधीच झिजून गेली होती.

निम्म्यात गेलो आणि समोरून ट्रॅक्टर आला. तो आपल्या तोऱ्यात गेला, त्याची लाट माझ्या बंपरवर आदळली. इंजिननं एक घुसमटलेला आवाज केला आणि ते गप्प झालं. नंतर नुसता पाण्याचा आवाज. आई म्हणाली, "काय झालं रं?"

माझा हात किल्लीवर होता. मिस्त्रींची पिचकारी आठवली आणि हात तिथंच थिजला. मानपान गेला खड्ड्यात, त्यांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"मिस्त्री, फरशीवर बंद पडली. आई हाय संगट."

"किल्ली काढली?"

"एकदा मारून बघतो, कदाचित लागंल..."

"किल्ली काढ!" फौजेतला आवाज असा असतो हे मला त्या दिवशी कळलं. "काढली? आता ती आक्काच्या हातात दे. तुझ्याजवळ ठिवू नगं."

मी मागं हात करून किल्ली आईला दिली. तिनं मूठ मिटली.

तेवढ्यात गावाकडून चार जण पाण्यातून पळत आले. आपली माणसं मदतीला कधी मागं हटत नाहीत, आणि बंद गाडीवर त्यांचा एकच उपाय. "तिसऱ्या गेरात टाक, धक्का मारतो! दणक्यात चालू हुतीय!" त्यांचे हात डिकीवर टेकलेसुद्धा. फोन स्पीकरवर होता. आतून मिस्त्री गरजले, "धक्का न्हाई! गाडीला हात लावू नगासा! माणूस उचला!" मग मला, "चाक दिसतंय का?"

"अर्धं."

"मग अजून येळ हाय. उतर. गाडी सोड. मी अलीकडं हुबा ऱ्हातो."

त्या चौघांनी हातांची पालखी केली. पाणी गुडघ्यापर्यंत होतं, मग मांडीला लागायला लागलं. मी आईची पाठ धरून मागं चालत होतो. खरं सांगतो, तेव्हासुद्धा मी दोनदा वळून गाडीकडं बघितलं. कुपवाडच्या काठाला लागलो आणि थोड्याच वेळात वरून लोंढा आला. गाडी कागदासारखी आडवी फिरली आणि खालच्या बाभळीला जाऊन अडकली. पाणी काचांवर होतं. आईची बसायची जागा पाण्याखाली होती. मी तिथंच चिखलात बसलो.

मिस्त्री टपरीवाल्याचा टेम्पो घेऊन आले होते. "सांगितलं हुतं न्हवं" असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. आईला शेजारी बसवलं आणि मिरजेपर्यंत एका हातानं तिला सावरत गाडी चालवली.

आईच्या डाव्या हाताला सुया लागल्या. उजवी मूठ अजून घट्टच होती. नर्स म्हणाली, "आजी, मूठ सोडा." आई म्हणाली, "मिस्त्री सांगंल तवाच." सगळे हसले. मिस्त्री मात्र हसले नाहीत. कॉटशेजारी उभे राहिले, म्हणाले, "सोडा आक्का, आता सोडा," आणि तिचं एकेक बोट उघडून किल्ली काढून घेतली.

बाहेर बाकावर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, आणि आज त्याची लाज वाटते, "किल्ली काढली म्हणून इंजिन वाचलं आसंल का ओ?"

"इंजिनाचं काय घिऊन बसलाईस," मिस्त्री म्हणाले. "इंजिन गेलं तर मी दुसरं बसवीन. किल्ली लॉकात असली की माणूस गाडीतनं उतरत न्हाई. आता लागंल, मग लागंल, म्हणून फिरवत बसतुया. पाणी वर येत ऱ्हातंय."

त्यांनी किल्ली तळहातावर उलटी केली.

"माझा धाकटा भाव. मी सुट्टीवर आलो हुतो, म्हणला दादा, गाडीला आवाज पायजे. मीच पाईप बसवला, ह्या हातानं. दोन दिवसांनी गाडी ओढ्यातनं वर काढली. तो आतच हुता. किल्ली फिरवल्याली तशीच हुती."

मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेववला नाही.

पुढं त्यांनीच माझी गाडी दुरुस्त करून उभी केली. माळ्यावरचा डबा मी मुकाट्यानं नेऊन दिला. तो बघून भुवई तेवढी उडवली. रेघ दारावर आली, आणि ती त्यांनी खडूनं नाही, पांढऱ्या ऑइलपेंटनं ओढली. "आता पूस," म्हणाले.

मागच्या उन्हाळ्यात मिस्त्री त्यांच्या गावी, कवठे महांकाळकडं गेले होते, तिथंच झोपेत गेले. शेडला कुलूप आहे. पत्र्यावर खडू घासून बघितल्याच्या खुणा आहेत, त्या कुणी पुसलेल्या नाहीत.

आईचं डायलिसिस चालू आहे. ओढ्याला पाणी दिसलं की मी अलीकडंच गाडी थांबवतो, आणि मी काही बोलायच्या आत मागून तिचा हात पुढं येतो. "आण किल्ली." मी देतो. मग पाणी उतरायची वाट बघत दोघं बसून राहतो.

"मिस्त्रीला एक फोन लाव की रं," ती दर वेळी म्हणते. "म्हणावं, थांबलोय."

मी फोन कानाला लावतो, थोडा वेळ धरतो आणि सांगतो, "लागत न्हाई गं. पावसात रेंज नसती." तिला मी अजून सांगितलेलं नाही.