एकदाच विचारणारा देश

चौलहून निघताना आईने दोन गोष्टी बजावल्या. "कुणी खायला दिलं तर लगेच हात पुढे करू नकोस, आधी नको म्हण. आणि उपाशी राहिलीस असं कळलं, तर शिक्षण गेलं खड्ड्यात, परत बोलवीन." या दोन सूचना एकमेकींच्या मुळावर उठतील, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. मांडव्याला लाँच सुटेपर्यंत ती रडली नाही, मीही नाही. बाबा तेवढे रडले.

विमानातून नेदरलँड्स दिसलं आणि जीव भांड्यात पडला. समुद्राला बांध, बांधामागे शेती. हे तर आमच्याकडचं खार (खाडीलगतची बांध घातलेली जमीन). फक्त बांध कुठे फुटलेला दिसेना.

माझी बॅग मात्र भलत्याच देशात उतरली. तिच्यात लाडू, मेतकूट आणि भाकरीचं पीठ होतं, म्हणजे माझा पहिला महिनाच.

घरमालकीण मारिकेबाई साठीच्या, उंच आणि कमी बोलणाऱ्या. संध्याकाळी साडेपाचला त्यांनी पातेल्याचं झाकण उघडलं. आत एर्टेनसूप (वाटाण्याचं घट्ट सूप) होतं.

"घेणार?"

पोटात कावळे कोकलत होते. मी म्हटलं, "नको नको, भूक नाही."

"बरं," म्हणाल्या आणि झाकण ठेवलं. मी वाट बघत बसले. चौलात 'नको' म्हटल्यावर खरी बोलणी सुरू होतात. इथे मारिकेबाई भांडी घासायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बटाटे. नको. तिसऱ्या दिवशी मासे. मासे! तेही नको. माझं कार्ड इथल्या दुकानात चालेना, त्यामुळे सुट्ट्या नाण्यांत आणलेला पाव आणि केळी यांवर दिवस काढत होते. आई फोनवर विचारायची, "जेवलीस?" मी म्हणायची, "हो, पोटभर."

चौथ्या दिवशी कॉलेजहून येताना भोवळ आली आणि मी सायकलसकट मारिकेबाईंच्या कुंड्यांत पडले. त्यांनी मला उचलून खुर्चीत बसवलं.

"तू खात का नाहीस?"

माझा बांध फुटला. "तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाहीत!"

"तू नको म्हणालीस. मग मी तुला खोटारडी समजायचं होतं का?"

त्यांनी पातेल्याचं झाकण उघडलं.

"सूप घेणार?"

"हो," म्हटलं, आणि तीन वाडगे खाल्ले. वर्षभर मग मी कशालाच नको म्हटलं नाही.

मे महिन्यात सुट्टीला घरी आले. शेजारच्या मंदाकाकू सांदणं (फणसाच्या रसातली गोड इडली) घेऊन हजर.

"घेतेस का गं एक?"

"हो, द्या. दोन द्या."

काकू निदान तीनदा आग्रह करायच्या तयारीने आल्या होत्या. त्यांचा हात हवेतच राहिला. "अगो बाई! फॉरेनला जाऊन लाज सोडली पोरीनं!" म्हणत त्या खो खो हसल्या.

आई हसली नाही. काकू जाईपर्यंत थांबली.

"असं पटकन हो म्हणायला तू उगाच नाही शिकलीस. किती दिवस उपाशी होतीस?"

"चार. अगदी उपाशी नाही, पाव खात होते."

"फोनवर तर पोटभर म्हणायचीस."

"तूही एकदाच विचारायचीस."

न विचारता आईने माझ्या ताटलीत आणखी दोन सांदणं ठेवली आणि पदराने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. सांदणं मात्र खाल्ली.

मी परत नेदरलँड्सला आले आहे. आता आई फोनवर तीनदा विचारते, "जेवलीस?" दोनदा मी "पोटभर" म्हणते. तिसऱ्यांदा खरं सांगते.