दहापैकी दोन दुखणं

आमच्या ह्यांना कधीही विचारा, कसे आहात, उत्तर ठरलेलं: मस्त. अंगात ताप असो नाहीतर दाढ ठणकत असो. तीस वर्षं लोकांच्या घरात फरशी बसवणारा माणूस. त्या धंद्यात एकदा पाठ दुखते म्हणालात की ठेकेदार उद्यापासून दुसऱ्याला बोलावतो. त्यामुळे सगळे कारागीर कमरेला पट्टा आवळून मस्तच असतात.

हा मस्तपणाच आमच्या मुळावर आला. ह्यांच्या कमरेच्या दोन मणक्यांमधली चकती पार झिजली. सर्जन म्हणाले, एकतर मणके स्क्रूने एकमेकांना जखडू, नाहीतर कृत्रिम चकती बसवू. जखडले तर पहिल्यासारखं वाकता येणार नाही. आता फरशी काय उभ्याने बसवतात? आम्ही चकती म्हणालो. खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून विमा कंपनीकडे गेलो. कंपनी नाही म्हणाली.

का, तर पत्रात लिहिलं होतं: "रुग्णाने स्वतः नोंदवलेली वेदना दहापैकी दोन. सबब शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही."

"दोन?" मी विचारलं.

"नर्स एवढीशी पोर होती गं. तिला कशाला घाबरवायचं?"

घ्या. आपल्याच हाताने पायावर धोंडा. असा संताप आला म्हणून सांगू, दोन दिवस मी कामापुरतंच बोलले.

अपिलाला तीस दिवस होते. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चार पानं लिहिली, एमआरआय जोडला, नऊ महिने केलेल्या व्यायामाचे कागद जोडले. त्यावर कंपनीचं उत्तर आलं की कंपनीच्या डॉक्टर पेशंटशी स्वतः फोनवर बोलतील. झालं! मी तीन दिवस ह्यांना पढवलं. बरं आहे म्हणायचं नाही, चालायचंच म्हणायचं नाही. हे दाढी करता करता मान डोलवत होते, म्हणजे डोक्यात काही शिरत नव्हतं.

फोन आला. मी स्पीकर लावून टेबलावर ठेवला.

"कसे आहात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मस्त."

मी कपाळावर हात मारला.

"मस्त आहात, तर मग ऑपरेशन कशाला?" बाई शांतपणे म्हणाल्या. ह्यांनी कमरेचा पट्टा उगाच सारखा केला. "बरं, झोप कशी लागते?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नजर खाली घातली. "बसून लागते. आडवं पडलं की पायात कळ जाते. ही झोपली की मी उठून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसतो, टेबलावर उशी ठेवून डोकं टेकतो. पहाटे परत जाऊन पडतो, हिला कळू नये म्हणून."

"किती दिवस?"

"दोन वर्षं होतील."

माझ्या चार पानांत हे कुठेच नव्हतं.

"बाई, तुम्ही आहात ना तिथे? हे अपिलात का नाही लिहिलंत?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. दोन वर्षं शेजारी झोपणारी मी, आणि मला पत्ता नाही. ह्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला.

बाराव्या दिवशी मंजुरीचं पत्र आलं. ह्यांनी ते मोठ्याने दोनदा वाचलं. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर हे उठले की मीही उठते आणि दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसते. तू जा, झोप, म्हणतात. मी जात नाही.