पोट शेवटचं कधी बरं होतं?

कळमन्याच्या धान्यबाजारात आमचे गोविंदाकाका मुठीत दाणे घेऊन गव्हाची जात सांगत. त्यांना मात्र बारा वर्षं जुलाबांनी छळलं. एका डॉक्टरनं गॅस म्हटलं, दुसऱ्यानं टेन्शन. शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "पोट शेवटचं कधी बरं होतं?"

काका म्हणाले, "माय होती तंवर. ज्वारीची भाकर थापे, आवाज गल्लीभर जाय. ती गेली अन् घरी पोळ्या सुरू झाल्या."

बाईंनी रक्त तपासलं. गहूच बाधत होता! एवढं साधं विचारायला बारा वर्षं लागावीत?

आता काका स्वतःच भाकर थापतात. माय शिकवायला बसली, तेव्हा हेच तिला हसले होते. रोज तव्यावर भाकर फाटते आणि काका पुटपुटतात, "काहून नाही शिकलो वं माय!"