पोत्याच्या पोटातला दाणा

धान्याच्या मोंढ्यात मी हमाल म्हणून शिरलो आणि पुढं तिथंच स्वतःची आडत थाटली. ज्वारी घेताना पोत्याच्या तोंडचा दाणा मी कधी पाहिला नाही. पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसायची, तळाचा दाणा बाहेर काढायचा आणि मगच भाव बोलायचा.

एका वर्षी कंबर धरली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, "वयाचं दुखणं," म्हणाला आणि आठ महिने गोळ्या देत राहिला. मग एकदा नुसतं शिंकलो आणि बरगडी मोडली. त्याच्या दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून मी जे बोललो, त्यातला एक शब्दही अजून मागं घेतलेला नाही.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी फोटो काढले. हाडांना भोकं पडली होती.

"हाडाच्या आतल्या गराचा कॅन्सर असावा, मायलोमा. नाहीतर दुसरीकडून पसरलेला."

पसरलेल्यातनं परत आलेला माणूस मी पाहिला नव्हता. मायलोमाचं ठरावीक प्रथिन रक्तात सापडेना, लघवीतही नाही. बाई म्हणाल्या, "कमरेच्या हाडात सुई घालून गर काढावा लागेल."

मी सौद्याला बसलो. "रक्त साफ, लघवी साफ. मग सुई कशाला? महिनाभर थांबू."

बाईंच्या आधी माझी बायकोच बोलली. "अवो, तोंडचा दाणा बघून तुमी आजवर किती सौदे केले?"

तिच्यावर लई भडकलो आणि मुकाट पालथा झोपलो. बधिर करूनही गर ओढताना पायापर्यंत कळ गेली.

आठवड्यानं निकाल आला. "मायलोमाच आहे, पण दुर्मिळ. नॉन-सिक्रेटरी. तुमच्या पेशी ते प्रथिन रक्तात सोडतच नाहीत. दुसरीकडून पसरलेला नाही, किडन्या शाबूत आहेत, आणि यावर औषध आहे."

कॅन्सर ऐकून कुणी चहा मागवत नसेल. मी तिघांसाठी मागवला. कित्येक दिवसांनी घोट चवीला लागला.

"पण रक्तावर विसंबता येणार नाही," बाई म्हणाल्या. "मधूनमधून सुई घालावी लागेल."

"घाला. फक्त या कागदाची एक प्रत जादा द्या. त्या पहिल्या डॉक्टरच्या टेबलावर आपटायचीय."

"आपटा," बायको म्हणाली. "त्यानं बी तोंडचाच दाणा पाह्यला. तुमच्यावानी."